सतरा वर्षांच्या डिफेंडरच्या वडिलांना

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत शिकतो, फुटबॉलमध्ये सेंटर बॅक खेळतो, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा बचावपटू. उंची पाच फूट नऊ इंच. एका क्लबने चार वर्षांचा करार पुढे केलाय. त्यांचा कोच म्हणतो, याला राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू करू. सही करावी का, कॉलेज सोडावं का, डिफेंडर म्हणून पोट भरतं का, असं वडील विचारतात. आणि मुलाच्या आईचा प्रश्न वेगळाच आहे: पाय मोडला तर कोण बघणार?

आधी थोडक्यात सांगतो. कॉलेज सोडू नका. राइट बॅक होऊ द्या. चार वर्षांच्या कागदावर सही करू नका. आईचा प्रश्न तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा मोठा आहे, त्याकडे शेवटी येतो.

मी पेडण्याचा. २००४ ते २०१५ अकरा हंगाम सेंटर बॅक खेळलो, त्यातले नऊ गोव्यात आणि दोन बाहेर. एकतिसाव्या वर्षी गुडघ्याने पुढे जाऊ दिलं नाही. आता सतरा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. पेडणे, डिचोली, सत्तरी या आपल्या भागात संध्याकाळी मैदानावर बॅट-बॉलच दिसतो, फुटबॉल म्हणजे बार्देश-साष्टीच्या किनाऱ्याचा खेळ, असं आमच्या घरीही होतं. शिवोलीत १८८३ साली एका इंग्रज पाद्रीने तो आणला असं सांगतात, आणि नदीपलीकडे तो आमच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. पण गोव्याने १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, एकही गोल न खाता जिंकली तेव्हा गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर होता. पुढे धेंपो या गोव्याच्या क्लबच्या आणि भारताच्या बचावात महेश गवळी आणि समीर नाईक खेळले. आता 'हे आपलं काम नव्हे' असं कोणी म्हटलं तर ही तीन नावं सांगा.

राइट बॅक म्हटल्यावर मुलाचा चेहरा पडला, असं तुम्ही लिहिलंय. माझाही पडला असता. सेंटर बॅक म्हणजे घरातला कर्ता माणूस. सगळ्यांवर ओरडायचा हक्क त्याचा. बाजूचा बॅक म्हणजे लहानपणी ज्याला कुठेच जागा नाही त्याला उभं करायची जागा, ही समजूत अजून गेलेली नाही.

पण भारतात मधली जागा मिळणं फार कठीण. क्लब परदेशी खेळाडूवर पैसे घालतो तेव्हा दोन माणसं आधी शोधतो: गोल मारणारा आणि मधला डिफेंडर. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा एका वेळी सहा परदेशी मैदानावर चालायचे. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. आकडा खाली आला तरी त्या चारांतला एक बहुतेक संघांत सेंटर बॅकच असतो. दोन जागांतली एक अशी गेली. दुसरीसाठी पंजाबपासून मिझोरामपर्यंतची पोरं रांगेत आहेत, आणि संदेश झिंगनसारखा भारताचा सेंटर बॅक २०२३ मध्ये एफसी गोवा या आयएसएल क्लबात आला की ती जागाही काही वर्षं मोकळी होत नाही. बाजूच्या दोन्ही जागा मात्र जवळजवळ कायम भारतीयांच्या. गोव्याचाच सेरिटन फर्नांडिस एफसी गोव्याच्या उजव्या बॅकला कित्येक हंगाम खेळला.

मंदार राव देसाईचं उदाहरण मी माझ्या पोरांना नेहमी देतो. मूळचा विंगर, म्हणजे कडेने धावत हल्ला करणारा. धेंपोत विंगर, एफसी गोव्यात आला तोही विंगर म्हणून. सर्जिओ लोबेरा या कोचने त्याला मागे ओढून लेफ्ट बॅक केलं. वय तेव्हा पंचविशीच्या पुढे. त्या जागेवरून तो २०१९ मध्ये भारताकडून खेळला, आणि मुंबई सिटीसोबत २०२०-२१ ची आयएसएल जिंकला, तीही गोव्यातच, फातोर्ड्याला. विंगर म्हणूनच अडून बसला असता तर त्याच्यापेक्षा वेगवान पोरांच्या मागे बाकावर बसावं लागलं असतं.

उंचीबद्दल कोणीतरी तुम्हाला फाबियो कानावारोचं नाव सांगेल. साधारण तुमच्या मुलाच्याच उंचीचा सेंटर बॅक. २००६ मध्ये इटलीचा कर्णधार म्हणून वर्ल्ड कप उचलला, त्याच वर्षी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओरही मिळवला. खरं आहे. पण गेली वीस वर्षं सगळे त्याचंच नाव घेतात, दुसरं पटकन आठवत नाही, यातच काय ते आलं.

आता मुलगा खरोखर डिफेंडर आहे का, हे कसं ओळखायचं? तुम्ही त्याच्या टॅकलचं कौतुक लिहिलंय, 'घसरून बॉल काढतो' म्हणून. तिथे मला जरा काळजी वाटली.

माझी सुरुवात सांगतो. म्हापशाचं धुळेर स्टेडियम, वय वीस, पाऊस नुकता उघडलेला, कडेला चिखल. समोरचा विंगर बुटका, डावखुरा. पहिल्या अर्ध्या तासात तो तीनदा माझ्या बाजूने निघून गेला. तीनही वेळा मी घसरलो होतो, तीनही वेळा बॉल तिथे नव्हता. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा चड्डीत चिखल आणि कानांत प्रेक्षकांचं हसू. मध्यंतराला आमचा गोलकीपर शेजारी येऊन बसला. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, मोज्यातला चिखल बोटाने काढत म्हणाला, "तूं बॉलाक पळयता. ताच्या पेंकटाक पळय."

पळय म्हणजे बघ, पेंकट म्हणजे कंबर. विंगर पायाने दहा सोंगं करतो, खांदा झुकवतो, बॉलवरून पाय फिरवतो. पण ज्या बाजूला खरंच जायचंय त्या बाजूला कंबर वळल्याशिवाय त्याला जाताच येत नाही. दुसऱ्या अर्ध्यात मी त्याच्यापासून दीड हात लांब, तिरका उभा राहिलो, गुडघे वाकवून, एक पाय पुढे. गोलकडचा रस्ता अंगाने बंद, रेषेकडचा उघडा. घसरायचंच नाही असं ठरवलं. तो थांबला की मी थांबायचो. तो कंटाळून बॉल मागे द्यायला लागला. त्या अर्ध्यात मी एकही टॅकल केला नाही, आणि घरी येताना बसमध्ये कोणी माझ्याविषयी अवाक्षर काढलं नाही. डिफेंडरचं चांगलं काम असंच दिसतं, म्हणजे दिसत नाही. जो वरचेवर घसरतो तो आधी चुकीच्या जागी उभा होता, एवढंच त्यातून कळतं.

पुढच्या मॅचला हा प्रयोग करा. दहा मिनिटं बॉलकडे बघूच नका, फक्त मुलाकडे बघा. बॉल लांब असताना तो मान वळवून मागे किती वेळा बघतो ते वहीत मोजा. बॉल आणि मागचा माणूस, दोन्ही एकाच वेळी माहीत असणं हे अर्धं काम. काही पोरं दहा मिनिटांत दोनदा बघतात, काहींची मान सतत फिरती असते. दुसरं, तो बोलतो का ते ऐका. आपल्याकडे 'राव' (थांब), 'भायर' (बाहेर), 'फाटल्यान मनीस' (मागे माणूस) एवढ्या तीन शब्दांवर बचावाची रांग चालते. (बाहेरच्या क्लबात पहिल्याच सरावात मी सवयीने 'राव, राव' ओरडलो. आमचा लेफ्ट बॅक थांबायचं सोडून इकडेतिकडे बघायला लागला. त्याला वाटलं संघात कोणी राव नावाचा नवा आलाय.) शब्द कुठल्याही भाषेतले असोत, ते वेळेआधी यायला हवेत. गप्प डिफेंडर कितीही चपळ असला तरी कोचला त्याच्यावर भरवसा टाकता येत नाही.

आणि पास. आमच्या काळात सेंटर बॅकने बॉल लांब हाणला की टाळ्या पडायच्या. २०१९ पासून गोल-किकचा नियम बदलला. पूर्वी बॉल पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय खेळात येत नसे, आता कीपरने मारल्याबरोबर तो खेळात असतो आणि डिफेंडर बॉक्सच्या आतच तो घेतो. म्हणजे समोरचा स्ट्रायकर धावत अंगावर येत असताना, आपल्याच गोलच्या तोंडाशी, बॉल थांबवून दुसऱ्याला द्यायचा. ज्याचा एक पाय लाकडासारखा आहे त्याला सगळे त्याच बाजूला कोंडतात. तुमच्या मुलाला रोज वीस मिनिटं डाव्या पायाने भिंतीवर बॉल मारायला लावा. एवढी स्वस्त गुंतवणूक दुसरी नाही.

वयाचं म्हणाल तर डिफेंडर उशिरा पिकतो. वेग लवकर येतो आणि लवकर जातो, पण कुठे उभं राहायचं ही अक्कल मॅचा खेळूनच येते. इटलीचा डिफेंडर पावलो माल्दिनी मिलान क्लबमधून २००९ मध्ये थांबला तेव्हा चाळिशी पार होती. माझं स्वतःचं सगळ्यात चांगलं वर्ष अठ्ठाविसावं. म्हणून अठराव्या वर्षी कोणी 'आता नाही तर कधीच नाही' म्हणालं तर घाबरून जाऊ नका. चौदाव्या वर्षी अकादमीवाले जी थोराड पोरं निवडतात, त्यातली कित्येक केवळ मिशी लवकर फुटली म्हणून निवडलेली असतात. वीस वर्षांपर्यंत बाकीचे त्यांना गाठतात आणि मग त्यांच्याकडे काहीच उरत नाही. गोव्यात रस्ता एकच नाही. सेसाची अकादमी १९९९ पासून आहे, एफसी गोव्याचे वयोगटाचे संघ आहेत, गोवा प्रो लीगमधले जुने क्लब आहेत. धेंपो तर राष्ट्रीय पातळीवरून बाहेर पडून खालून पुन्हा वर आला आणि २०२४-२५ ला आय-लीग, तेव्हाची आयएसएलखालची राष्ट्रीय लीग, खेळला. मुलाला यंदा कोणी घेतलं नाही तरी तीन वर्षांनी घेऊ शकतं. यंदा मात्र तो आठवड्याला नव्वद मिनिटं कुठे खेळेल, एवढंच बघा. मोठ्या नावाच्या क्लबात बाकावर बसलेला अठरा वर्षांचा डिफेंडर काहीही शिकत नाही, फक्त जर्सीचे फोटो काढतो.

क्लबला व्हिडिओ पाठवायचा झाला तर गाणं लावून कापलेले तुकडे पाठवू नका. ते स्ट्रायकरसाठी ठीक. डिफेंडरचा पूर्ण मॅच पाठवा, त्यातही ज्यात संघ हरला असा एक. दुसरा गोल खाल्ल्यावर हा काय करतो, ते जाणत्या कोचला बघायचं असतं.

आता तो कागद. अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही, हा फिफाचा नियम आहे. म्हणजे चौथं वर्ष लिहिणाऱ्याला एकतर नियम माहीत नाही, किंवा तो तुम्हाला माहीत नसेल असं त्याने धरलंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पुढची पानं नीट वाचायला हवीत. करार 'वैद्यकीय तपासणीत पास झाल्यास लागू' असंही लिहिता येत नाही. तपासणी करायची ती सहीच्या आधी. किमान दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवसांची मुदत देऊन करार सोडायची सोय फिफाच्या नियमांत आहे, पण त्यासाठी पगार बँकेत, तारखेवर, पूर्ण आकड्याने लिहिलेला हवा. 'राहणं-जेवण धरून' असा मोघम आकडा लिहिला की पुढे भांडायला हातात काही राहत नाही. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी पुढच्या मुदतीचा करार करायला खेळाडू मोकळा असतो, हेही मुलाला सांगून ठेवा. मध्ये एजंट असेल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते विचारा. २०२३ पासून त्यासाठी परीक्षा पास व्हावी लागते. 'आमचा माणूस आहे' हे उत्तर चालणार नाही. खेळाडूंची संघटनाही आहे, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, २००६ पासून. सही करण्याआधी त्यांना कागद दाखवायला काहीच हरकत नाही.

पोट भरतं का? वरच्या पातळीवर, चांगलं. पण किती दिवस, याची खात्री कोणी देत नाही. माझ्या उमेदीत गोव्याचे क्लब देशात पहिले होते. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाचदा जिंकलं, शेवटचं २०११-१२ ला. मधल्या वर्षांत साळगावकर आणि चर्चिल या गोव्याच्याच क्लबांनीही आय-लीग जिंकली, तेव्हा तीच देशातली वरची लीग होती. आम्हाला वाटायचं हे असंच चालणार. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीनही क्लब एकदम आय-लीगमधून बाहेर पडले. पंचवीस-सव्वीस वर्षांची, फॉर्मात असलेली पोरं एका उन्हाळ्यात रिकामी झाली. त्यांच्या खेळात काही कमी नव्हतं. आणि २०२५ च्या जुलैत आयएसएलचाच नवा हंगाम अडकला, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला होता. खेळाडूंना सराव कधी सुरू होणार हेही कळेना. म्हणून बारावी, आणि जमलं तर पुढची पदवीही. माझ्या बरोबरीच्यांत ज्यांच्याकडे पदवी होती ते सरकारी भरतीत किंवा पीटी शिक्षक म्हणून लागले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यातला एक, माझ्याहून उत्तम खेळणारा, आज कळंगुटला पर्यटकांच्या गाड्या धुतो. सराव सकाळी साडेसहाला सुरू होऊन नऊला संपतो. दुपार मोकळी असते. झोपायची की शिकायची, ते तुम्ही घरात ठरवा.

एक गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवा. स्ट्रायकरने चार संधी घालवून पाचवीत गोल मारला तर तो हिरो. डिफेंडरने नव्वद मिनिटांत एकोणनव्वद बरोबर केली आणि एक चुकली तर तेवढीच लोकांच्या लक्षात राहते. एका कपच्या सेमीफायनलमध्ये मी कीपरला दिलेला हेडर कमी पडला आणि गोल झाला. दुसऱ्या दिवशी पेडण्याच्या बाजारात मासे घ्यायला गेलो तर बांगडे देता देता मावशी म्हणाली, "बाबा, डोक्याक तेल लाय रे." आता हसू येतं. तेव्हा आठवडाभर झोप नव्हती. माझ्या पोरांना मी एवढंच शिकवतो की चुकल्यावर पुढचा बॉल सोपा खेळायचा, जवळच्या माणसाला, आणि तोंडाने ओरडत राहायचं. घरी आल्यावर तुम्ही त्या चुकीचा विषय काढायचा नाही. जेवून झाल्यावरही नाही.

आता आईचा प्रश्न. डिफेंडरचा पाय मोडतो त्यापेक्षा गुडघा जास्त जातो, आणि पुष्कळदा कोणी न मारता जातो. विंगर वळला, तुम्ही वळलात, बूट गवतात रुतला, गुडघा आत पडला. आत एक दोर असतो, एसीएल, तो तुटतो. ऑपरेशन करून मांडीच्या स्नायूच्या किंवा गुडघ्यासमोरच्या पट्टीतून नवा दोर बसवतात, आणि परत मॅच खेळायला नऊ महिने, कधी वर्षही लागतं. झिंगनचा २०१९ मध्ये गेला, अख्खा हंगाम हुकला. २०२४ च्या जानेवारीत आशियाई स्पर्धेत पुन्हा गेला. दोन्ही वेळा परत आला, कारण त्याच्या मागे डॉक्टर, फिजिओ आणि पैसा उभा होता.

माझा गेला सव्विसाव्या वर्षी, लीगच्या मॅचमध्ये. क्लबने एमआरआयचे पैसे दिले. ऑपरेशनचं विचारायला गेलो तेव्हा मला करारातलं एक वाक्य दाखवलं: 'प्रथमोपचाराचा खर्च क्लब करेल.' मी ते वाक्य सही करताना वाचलं होतं आणि चांगलंच आहे की, असं म्हणालो होतो. बाबांनी काजूच्या बागेवर कर्ज काढलं. ते फिटायला चार वर्षं लागली, आणि त्या घाईत मी सातव्या महिन्यात मैदानावर उतरलो. एकतिसाव्या वर्षी थांबावं लागलं त्याचं मूळ तिथे आहे.

तेव्हा गुडघ्यासाठी मुलाने दर सरावाआधी फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वॉर्म-अप करायचा. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, साहित्य फारसं लागत नाही. उडी मारून उतरताना गुडघे आत पडू न देणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचं बळ, सगळं त्यात आहे. पोरांना कंटाळा येतो, तरी करून घ्या. आणि करारात हे शब्द हवेत: खेळताना किंवा सरावात झालेल्या दुखापतीचा ऑपरेशनसहित पूर्ण खर्च, नंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च, आणि तो बरा होईपर्यंत ठरलेला पगार. विमा काढलाय असं म्हणाले तर पॉलिसीची प्रत मागा, तिच्यावर मुलाचं नाव आणि रक्कम बघा. तोंडी 'आम्ही आहोत ना' हे मलाही सांगितलं होतं. एवढं लिहून द्यायला क्लब तयार नसेल तर यंदा तालुक्याच्या संघातून खेळू दे. बारावीही होईल, आणि पुढच्या मोसमात विचारायला दुसरा कोणीतरी येईलच.